स्टिअरिंगवरचं बोट

अमेरिकेत, आयोवातल्या एका छोट्या गावात मी प्रोजेक्टसाठी वर्षभर होतो. रोज सकाळी ऑफिसला जाताना मक्याच्या शेतांमधल्या रस्त्यावर समोरून एक लाल पिकअप ट्रक यायचा. चालवणारे एक म्हातारबुवा, डोक्यावर बियाण्याच्या कंपनीची मळकी टोपी. जवळ आले की हात स्टिअरिंगवर तसाच ठेवून फक्त पहिलं बोट वर करायचे.

आमच्या पुण्यात असं बोट म्हणजे ‘एक मिनिट, थांबा’. मी आपला इमानदारीत गाडी कडेला घ्यायचो. ते मात्र सरळ निघून जायचे. तीन दिवस थांबलो. चौथ्या दिवशी वैतागलो, पण थांबलोच.

त्या दिवशी ट्रक रिव्हर्समध्ये मागे आला. काच खाली करून त्यांनी विचारलं, "रोज इथंच गाडी बंद पडते का रे तुझी?"

"तुम्हीच बोट दाखवता ना!"

टोपी मागे सारून ते पोटभर हसले. "अरे, ते नुसतं हॅलो! त्याला अख्खा हात कशाला उचलायचा? उद्या परत भेटणारच आहोत की."

मका डोक्याच्या वर गेला, कापला गेला, शेतांवर बर्फ साचला. आमचं बोटभर बोलणं चालूच राहिलं. नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं.

सुट्टीत पुण्याला आलो. समोरून रिक्षा येताना दिसली आणि माझं बोट आपोआप वर झालं. करकचून ब्रेक मारून रिक्षा थांबली.

"बोला साहेब, कुठं?"

"कुठं नाही हो. नुसतं हॅलो."

त्यानं माझ्याकडे असं काही पाहिलं, की मला त्या लाल ट्रकची फार आठवण आली.