शेजारच्या प्राध्यापकांची वचनं

अमेरिकेतल्या डब्लिनमध्ये आमच्या शेजारच्या घरात एक निवृत्त प्राध्यापक आणि त्यांची बायको राहायची. प्राध्यापकांनी सारा जन्म कॉलेजात मुख्यतः एकच माणूस शिकवला होता, काही शतकांपूर्वीचा एक इंग्रज कवी. खेड्यातल्या चर्चमध्ये तो पाद्री होता, प्रकृतीने तोळामासा. देवावर कविता करायचा आणि लोकांच्या तोंडची शहाणपणाची वचनं जमवायचा. आमच्या ह्यांच्याशी कुंपणावरून बोलताना प्राध्यापक त्यातलं एखादं हमखास ऐकवत. हे घरात येऊन ते मला सांगत, आणि मी भाजी चिरता चिरता "हं" म्हणत असे.

मग हे गेले. वर्षभर आजारपण काढून गेले. त्यानंतरच्या हिवाळ्यात प्राध्यापकांना स्ट्रोक झाला.

हातपाय बऱ्यापैकी वाचले, बोलणं गेलं. पाणी, चष्मा, बायकोचं नाव, काहीच जिभेवर येईना. ती वचनं मात्र आली. सबंध, कुठेही न अडखळता. मी डॉक्टरकी करून निवृत्त झालेली, त्यामुळे मला फारसं नवल वाटलं नाही. वर्षानुवर्षं पाठ असलेलं कधी कधी असं वाचतं. त्यांच्या बायकोला मात्र पहिल्या दिवशी वाटलं, माणूस परत आला. हॉस्पिटलमधूनच तिने मला फोन केला आणि रडली.

महिन्याभरात तिचा चेहरा ओढल्यासारखा दिसू लागला. तहान लागली की ते पाहुण्यांबद्दलचं वचन म्हणत, झोप आली की गिरणीबद्दलचं. त्यावरून ओळखायचीही सोय नव्हती, कारण दुसऱ्या दिवशी तेच वचन भलत्याच गोष्टीसाठी यायचं. चुकीची वस्तू आणली की हात झटकून आणखी एक म्हणत, जरा मोठ्याने. चर्चमधून भेटायला आलेले लोक म्हणत, किती सुंदर बोलतात. ती मान डोलवायची.

तिला जरा झोपता यावं म्हणून मी दुपारी जाऊन बसू लागले. माझा मुलगा टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून फोनवर म्हणायचा, "आई, तू स्वतःच दमलीयेस. व्हाय डू यू गो?" दमले होतेच. ह्यांच्या आजारपणाचा शीण अजून अंगात होता. पण रिकाम्या घरात बसूनही तो जात नव्हता.

प्राध्यापकांशी मी मराठीत बोलायचे. इंग्रजीत बोललं की ते उत्तर द्यायला धडपडत आणि घामाघूम होत. मराठीला उत्तर द्यायची त्यांच्यावर सक्ती नव्हती. मी नागपूरच्या उन्हाबद्दल, माझ्या गुडघ्यांबद्दल काहीबाही सांगत राही, आणि ते खिडकीबाहेर बघत शांत बसत.

एकदा झोपायला जाता जाता ती दारातच थांबली.

"दिवसभर बोलत असतात," ती म्हणाली, "पण सगळं त्या पाद्र्याचं. मला ह्यांचं स्वतःचं काहीतरी ऐकायचंय."

मी तिला झोपायला पाठवलं.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी मी त्यांना चहा दिला आणि बोलत बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी कप उचलला, ओठांना लावला, खाली ठेवला आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "कोल्ड."

मी तिला हाक मारली. ती नुसत्या मोज्यांवर धावत आली. मी झालेलं सांगितलं. तिने त्यांना काही विचारलं नाही, फक्त कप हातात घेतला. त्यांनी तिच्याकडे तक्रारीने पाहिलं.

"कोल्ड."

"हो, गारच झालाय," ती म्हणाली. "गरम करून आणते."

मायक्रोवेव्ह वाजून थांबला तरी ती बाहेर येईना, म्हणून मी आत गेले. ती ओट्याला टेकून डोळे मिटून उभी होती.

"मी फार दमलेय गं," ती म्हणाली.

मी म्हटलं, "ठाऊक आहे मला." चहा मीच बाहेर नेला.

पुढे आणखी दोन-चार शब्द आले. नको, मोजे, दुखतंय. तिचं नाव काही आलं नाही. उन्हाळ्यात ती दोघं मुलीकडे अॅरिझोनात चँडलरला राहायला गेली. अधूनमधून तिचा फोन येतो. वचनंही आता कमी झालीत म्हणते, बहुतेक वेळ गप्पच असतात. मुलगी ऑफिसातून येईपर्यंत सगळं हिलाच बघावं लागतं. बोलता बोलता तिचा आवाज जड होतो. मग मीच म्हणते, ठेव फोन, पड जरा.