खिशातला फोन, गाडीतला आवाज

चिकटकाका हे नाव बाजारातल्या गाडीवाल्यांनी ठेवलं, आणि ते असं बसलं की काकांचं खरं नाव विचारलं तर शेजारच्या टायरवाल्यालाही आठवायला वेळ लागायचा. काका गाड्यांमध्ये फोन बसवून देत. फोन ठेवायचा स्टँड डॅशबोर्डवर चिकटवायचा, चार्जिंगची वायर कडेच्या पट्टीखालून लपवून आणायची आणि गाडीत गाण्यांचा सेट बसवून गिऱ्हाइकाचा फोन त्याला जोडून द्यायचा, एवढं त्यांचं काम. पूर्वी ते कॅसेटचे प्लेअर बसवायचे, मग सीडीचे. काळ पुढे गेला, काकाही त्याच्यामागून कुरकुरत गेले.

पण दुसरा कुणी जे काम हसतखेळत उरकेल, त्याला काका अर्धी सकाळ लावत. आधी डॅशबोर्ड स्पिरिटने पुसायचा. मग वाळू द्यायचा. मग स्टँड दाबून धरून मनातल्या मनात आकडे म्हणायचे, आणि शेवटी तो दोन्ही हातांनी ओढून बघायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, "काका, निघेल की हो तो." काका म्हणायचे, "आत्ता निघाला तर बरंच आहे. घाटात निघून ब्रेकच्या खाली गेला तर काय कराल?" गिऱ्हाईक घाटात कधी जाणारच नसायचं, पण काकांच्या डोळ्यांसमोर दरी उभी राहिलेली असायची. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ना, ते काकांकडे बघूनच कुणीतरी म्हटलं असावं. दार लागलं का हे बघायला जिना उतरून परत वर जाणारा हा माणूस. संसारात पडला आणि तरला तो केवळ बायकोच्या जोरावर.

काकू औषधांच्या दुकानात काउंटरवर उभ्या राहत. लोक त्यांच्यापुढे चिठ्ठी धरून रडत, भांडत, उधारी मागत. काकू एक बोट वर करून म्हणत, "एक मिनिट. परत सांगा, नीट." आणि माणूस खरंच नीट सांगायचा. अशा बाईने एका संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालताना, स्वयंपाकघरातला नळ गळतोय या सुरात सांगितलं, "अहो, छातीत गाठ लागतेय हाताला. उद्या दाखवून येते."

काकांच्या हातातला पेला तिथेच राहिला. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते त्या रात्रीपासून काकांना कळलं. काकू मात्र कूस बदलून झोपल्या, निदान काकांना तरी तसं वाटलं.

दवाखान्यात गाठीत सुई घालून तपासायला नमुना घेतला. काकू पडद्याआड कपडे नीट करत होत्या, तेवढ्यात काकांनी डॉक्टरबाईंना गाठलं आणि दबक्या आवाजात विनंती केली, "रिपोर्ट आला की आधी मला फोन करा. ती मनाने फार हळवी आहे."

आता हा शुद्ध आळ होता. हळवं कोण होतं ते त्या खोलीतल्या वजनकाट्यालाही दिसत होतं. डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून काकांकडे पाहिलं, क्षणभर काहीतरी बोलायचं मनात आणलं, आणि बाहेरची गर्दी बघून काकूंच्या नंबरच्या वर काकांचा नंबर लिहून घेतला. काकांना जग जिंकल्यासारखं वाटलं. वाईट बातमी आलीच, तर ती आपण आधी पचवायची, मेव्हणीला विश्वासात घ्यायचं, आणि मग बेताबेताने काकूंच्या कानावर घालायची, असा त्यांचा बेत होता. तो बेत ते रोज अंघोळ करताना घोकत होते. पहिलं वाक्यच काही केल्या जमत नव्हतं.

ज्या दिवशी रिपोर्ट यायचा, त्याच दिवशी काकूंच्या बहिणीने दुपारी जेवायला बोलावलं होतं. नाही म्हणावं तर संशय येणार. दवाखान्यातून तर सांगितलं होतं की डॉक्टरबाई दुपारी फोन करतील. म्हणजे फोन नेमका वाटेत वाजणार, आणि काकांच्या गाडीत फोन वाजला की तो खिशात वाजत नसे, चारी दारांतल्या स्पीकरमधून वाजे. स्वतःच्या हाताने, हौसेने, चढ्या किमतीचे स्पीकर काकांनीच बसवले होते.

म्हणून सकाळी घरातून निघतानाच काकांनी फोनमधलं ब्लूटूथ बंद केलं. फोन मुका करून शर्टाच्या खिशात टाकला आणि चार वेळा खिसा चाचपून पाहिला. पुढे दुकानात एक गिऱ्हाईक आलं. त्याच्या गाडीत सेट बसवल्यावर आवाज बरोबर येतो की नाही हे बघायला काकांनी नेहमीप्रमाणे आपलाच फोन त्या गाडीला जोडला, गाणं लावून बघितलं, मान हलवली, पैसे घेतले. नेहमीप्रमाणे. दिवसातून कितीतरी वेळा हे होत असे, हात आपोआप चालत. चालू केलेलं ब्लूटूथ परत बंद करायचं राहून गेलं.

दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसल्याबरोबर सेट बोलला असता, "फोन जोडला गेला आहे." गिऱ्हाइकांच्या गाडीत काका ही सूचना मुद्दाम चालू ठेवत आणि समजावूनही सांगत, की बाबा रे, आपण कुठे जोडलेलो आहोत ते माणसाला माहीत असावं. स्वतःच्या गाडीत मात्र सेटमधल्या त्या बाईचा आवाज रोज रोज ऐकून ते कंटाळले होते आणि त्यांनी तो बंद करून टाकला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

दुपारी काका काकूंना घ्यायला घरी आले. काकू शेजारी येऊन बसल्या आणि त्यांची नजर पहिली गेली ती रिकाम्या स्टँडवर.

"आज फोन नाही लावला?"

"तापतो हल्ली उन्हात," काका म्हणाले.

"कालपर्यंत नव्हता तापत."

"जुना झालाय."

गाडी हमरस्त्याला लागली. ऊन चांगलंच तापलं होतं, एसी घरघरत होता. थोड्या वेळाने काकूंनी पर्समधून स्वतःचा फोन काढला, बघितला आणि परत ठेवला. सिग्नलला पुन्हा काढला, पुन्हा ठेवला. काकांना समोरच्या ट्रकचा नंबर वाचता येईना. त्या कशाची वाट बघत होत्या ते काकांना कळत होतं, आणि तो फोन त्यांना येणार नव्हता हेही काकांनाच ठाऊक होतं. सांगून टाकावं असं एकदा ओठांवर आलं, पण तेवढ्यात सिग्नल सुटला आणि मागच्याने हॉर्न मारला.

"डॉक्टरबाईंचा फोन कसा नाही आला अजून?" काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "दुपारी करतील म्हणाले होते."

"येईल. दवाखान्यात गर्दी असते."

"मीच लावू का?"

"नको," काका जरा जास्तच घाईने म्हणाले. "त्या वैतागतील उगाच."

आता फोन कोणत्याही क्षणी येणार आणि आपण काकूंच्या शेजारी बसलेले असणार, हे काकांना दिसत होतं. काहीतरी करून गाडीतून उतरायला हवं होतं. आधी त्यांनी पाण्याची बाटली घ्यायला गाडी थांबवली. उतरले, घुटमळले, परत आले. मग टायरमध्ये हवा कमी वाटली म्हणून थांबवली. चारही टायर दाबून बघितले, टायर ठणठणीत होते. काकूंनी पर्स मांडीवर घट्ट धरली होती. तिसऱ्यांदा हार्डवेअरचं दुकान दिसलं तेव्हा काकांनी गाडी कडेला घेतली.

"स्क्रू घेऊन येतो. बारीकवाले संपलेत."

"आत्ता?"

"दोन मिनिटं. गाडी चालू ठेवतो, तुला उकडेल नाहीतर."

दुकान गाडीच्या अगदी समोर होतं. काका पायऱ्या चढले, रंगांच्या डब्यांशेजारी उभे राहिले आणि दुकानदाराने काय हवं म्हणून विचारलं तर त्यांना स्क्रूचा आकार सांगता येईना. त्याच वेळी खिशात फोन थरथरला.

नंबर दवाखान्याचा होता. काकांनी दुकानदाराकडे पाठ केली, फोन उचलला आणि कानाला लावला. "हॅलो?"

पलीकडे काहीच नाही.

"हॅलो? डॉक्टरबाई? मी बोलतोय, ऐकू येतंय का?"

शांतता. रेंज नाही की काय म्हणून काकांनी फोन कानापासून काढून बघितला. रेंज भरपूर होती. फोन चालू होता, वेळ पुढे सरकत होता. आणि पडद्याच्या कोपऱ्यात एक चिमुकली गाडी उमटली होती.

ते चित्र काकांनी आजवर शेकडो लोकांना दाखवलं होतं. ही गाडी दिसली म्हणजे आवाज गाडीत चाललाय, इथे बोट ठेवलं की आवाज परत फोनमध्ये. सोपं आहे, लहान मूलही करेल. काकांनी मान वर करून गाडीकडे पाहिलं.

काचेपलीकडे काकू बोलत होत्या. गाडीत दुसरं कुणी नव्हतं. त्या समोरच्या सेटकडे बघत बोलत होत्या, थांबत होत्या, ऐकत होत्या. मग त्यांनी हात पुढे करून एसीचा पंखा कमी केला, नीट ऐकू यावं म्हणून. आणि मग त्यांचं एक बोट वर गेलं. एक मिनिट. परत सांगा, नीट.

काकांचा अंगठा त्या चिमुकल्या गाडीवर येऊन थांबला. नुसता टेकवायचा होता. टेकवला असता तर आवाज त्यांच्या कानात आला असता, काकूंचा तुटला असता, आणि घोकलेला बेत निदान अर्धा तरी वाचला असता. पण अंगठा खाली जाईना. पुढे कुणाला सांगताना काका म्हणाले असते की मला तिचं बोलणं तोडवेना. ते खरंही होतं थोडंसं. पण जास्त खरं हे होतं, की अंगठा टेकवला असता तर ती बातमी त्यांना स्वतःला ऐकावी लागली असती, आणि तेवढी छाती त्यांच्यात नव्हती.

"बारीक म्हणजे किती बारीक?" दुकानदाराने पुन्हा विचारलं. काकांना ऐकूच आलं नाही.

फोन बंद झाला. पडद्यावरची गाडी गेली. काकू काचेतून सरळ काकांकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून बातमी बरी की वाईट ते काही समजेना. एवढी वर्षं ज्या चेहऱ्यासमोर काढली तो असा बंद झालेला काकांनी कधी पाहिला नव्हता. पायऱ्या उतरून ते गाडीपर्यंत आले.

ते आत बसले. दार लावलं. हात चाकावर ठेवले आणि तसेच ठेवले.

"डॉक्टरबाई होत्या," काकू म्हणाल्या. "त्यांनी विचारलं, पेशंट आसपास नाहीत ना? मी म्हटलं, मीच पेशंट."

काकांनी शर्टाचा खिसा चाचपला.

"आधी तुम्हाला फोन करायचा, असं ठरलं होतं म्हणे. मी हळवी आहे म्हणून."

"अगं, मला वाटलं..."

"मी सकाळपासून फोन काढून बघतेय. तुम्ही शेजारी बसून बघत होता मला." काकूंचा आवाज चढला नाही, त्यामुळे तो जास्तच लागला. "गाठ माझी, आणि फोन तुमच्या खिशात."

काकांनी गियरला हात घातला, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं. काकूंनी तो हात धरून बाजूला केला.

"आत्ता चालवू नका. तुम्हाला ऐकल्यावर चालवता यायचं नाही. आधी ऐका."

आणि त्यांनी सांगितलं. जे वाक्य काकांना इतके दिवस अंघोळीत जमलं नव्हतं, ते काकूंनी एका दमात सांगून टाकलं. "गाठ वाईट आहे. लहान आहे. पसरली नसावी असं वाटतंय, पण अजून एक तपासणी करायची, त्याशिवाय खात्री नाही. ऑपरेशन करावं लागेल. सोमवारी बोलावलंय." मग त्या पुढचंही बोलत राहिल्या. ऑपरेशननंतर हात किती दिवस उचलता येणार नाही, काउंटरवर उभं कधी राहता येईल, पुढची औषधं लागली तर केस जातात का, आणि बीपीची गोळी त्या दिवशी सकाळी घ्यायची की नाही.

"हे सगळं तू विचारलंस?" काकांनी विचारलं.

"मग कुणी विचारायचं? तुम्ही काय विचारणार होता?"

काकांमध्ये खोटं बोलायची ताकद आता उरली नव्हती. "मी एवढंच म्हणणार होतो," ते म्हणाले, "की तिला इतक्यात सांगू नका."

काकूंनी मान हलवली, जणू हेच अपेक्षित होतं. दुकानदार पायरीवर येऊन गाडीकडे बघत होता, मग आत गेला. काकूंनी पर्सचा बंद सोडला, पुन्हा लावला, पुन्हा सोडला. काउंटरवर कधी न थरथरलेली ती बोटं आता बंदावर ठरत नव्हती.

"मला भीती वाटतेय हो," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी गाठ हाताला लागली तेव्हापासून वाटतेय. रात्री जागी असायचे मी, तुम्ही झोपलात असं समजून."

"मी पण जागाच असायचो. तू झोपलीस असं समजून."

काकू त्यांच्याकडे वळल्या. डोळे भरले होते, तरी काउंटरवरचा तो सूर अजून गेला नव्हता. "मग आता घाबरायचं तर दोघांनी मिळून घाबरू. आणि सगळं माहीत असून घाबरू. फोन मलाच येईल यापुढे, मी सांगितलंय त्यांना तसं."

काकांनी हो म्हटलं. मग त्यांनी गाडी बंद केली, आणि एसीची घरघर थांबल्यावर काकूंच्या रडण्याचा आवाज त्यांना पहिल्यांदा ऐकू आला.