दोन्ही बाह्या डाव्या

मूल गावातल्या आमच्या शिलाई दुकानात एक रीत होती. खडूने आखायचं मी, कात्री चालवायची अब्बांनी. बावीस वर्षांची झाले तरी प्रत्येक रेघेला मी विचारायची, "अब्बा, ठीक है ना?" त्यांनी मान हलवली की माझा जीव भांड्यात पडायचा. स्वतःच्या डोळ्यांवर माझा काडीचा विश्वास नव्हता.

त्या उन्हाळ्यात अब्बा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी चंद्रपूरला गेले आणि नेमकी मार्कंडा गावाकडची एक बाई नवरीच्या ब्लाऊजचं जरीचं कापड घेऊन आली. त्यांच्या गावच्या शिंप्याने ऐनवेळी हात वर केले होते. लग्न दुसऱ्या दिवशी, परतीची शेवटची बस पाचला.

"मास्तर नाई त काय झालं? तू आहेस नं," म्हणत ती बाकावर बसली.

कापड दुहेरी घालून दोन्ही बाह्या एकदम कापायच्या असतात, म्हणजे एक डावी, एक उजवी निघते. चुकेल या भीतीने मी एकेक वेगळी कापली, आणि तिथेच चुकले. शिवायला घेतल्यावर लक्षात आलं. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या! जरीला उलटं-सुलटं असतं, बाही फिरवून लावताही येईना. साडेतीन वाजले होते.

आधी खोटंच सुचलं. कापड कमी पडलं म्हणावं. मग माझीच मला चीड आली.

"बाई, माझ्याकडून बाही चुकली."

ती ताडकन उठली. "अवं, पोरगी मांडवात कशी उभी राहीन? येत नाई त काऊन हात लावलास?"

मी उरलेले तुकडे टेबलावर मांडले. अख्खी बाही एकातही बसेना. काखेकडे जोड दिला तर बसत होती. तसं तिला दाखवलं. तिने रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कर."

तीनदा मोजलं आणि कापलं. मशीनवर बसले. ती बाकावर बसलीच नाही, माझ्या मागे उभी राहिली.

पावणेपाचला तिने बाही उलटून पाहिली, बोट फिरवलं.

"जोड दिसून राह्यला."

"दिसतो," मी म्हणाले. "पण उसवणार नाही."