भाकरीचा आखलेला पाठ

पिठाची बाजू वर ठेवून तिला पाणी लावायचं असतं. मी ती बाजू तव्यावर टाकली आणि निश्चिंत मनाने भलत्याच बाजूला पाणी फिरवलं. भाकरी फुगली नाही. उलटताना तिचे तीन तुकडे झाले.

बायकोचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, आणि माझ्या वडिलांना भाकरीच लागते. पोळी केली की ते अर्धपोटी उठतात.

शिक्षकांना शिकवायचं कसं, हे शिकवण्याची माझी नोकरी. त्यामुळे भाकरीचाही पाठ आखला होता. एक मत असं, की कामाचे लहान तुकडे पाडावेत आणि प्रत्येकाला शाबासकी द्यावी. म्हणून नऊ पायऱ्या लिहून कागद फ्रीजवर लावला. पाणी किती, असं विचारलं तर बायको म्हणाली, "पीठ मागेल तेवढं." हे कुठल्या पायरीत बसवायचं ते कळेना. दुसरं मत असं, की शिकणाऱ्याने चुकतमाकत स्वतःच शोधावं. मग बायकोला स्वयंपाकघराबाहेर बसवलं. काय शोध लागला, ते तव्यावर दिसतच होतं. आता शाबासकी कमी पडली की शोध, मला खरंच सांगता येईना. इतकी वर्षं वर्गात हे एवढ्या ठामपणे कसं सांगत आलो, कोण जाणे.

बाबांनी तुकडे पाहिले, दुधात कुस्करले आणि वाटी संपवली.

ते उठल्यावर बायको म्हणाली, "मी नवी होते तेव्हा माझ्याही अशाच व्हायच्या. बाबा तेव्हाही असेच कुस्करून खायचे. तुमच्या कागदावर ही कितवी पायरी हो?"