एकशे पंचवीसवरची नवरी

हुमनाबादच्या बसस्टँडमागे स्टुडिओ चालवणाऱ्या सिद्धरामला लग्नांची शिसारी होती, आणि पोट लग्नांवरच होतं. फोटोत आधी आंदणाचं कपाट आलं पाहिजे, फॅन आला पाहिजे, माणसं मागाहून. शहाण्णव साली कोहिनूर गावी काशाप्पाच्या पोराच्या लग्नात मात्र त्याला स्वतःचीच शिसारी आली.

भर उन्हातली वरात त्यानं एकशे पंचवीसच्या शटर-स्पीडवर, म्हणजे सेकंदाच्या एकशे पंचविसाव्या भागात काढली. मग घाईत मांडवात शिरला, फ्लॅश लावला आणि स्पीडची चकती साठावर आणायची विसरला. त्याच्या कॅमेऱ्यात फिल्मपुढं दोन कापडी पडदे होते. साठावर क्षणभर अख्खी फिल्म उघडी राहते, तेवढ्यात फ्लॅश उडतो. एकशे पंचवीसवर पहिला पडदा पुरता सरकायच्या आत दुसरा मागून झाकत येतो, आणि निम्म्या फोटोला फ्लॅशचा उजेड मिळतच नाही. विधीला नवरी नवऱ्याच्या उजवीकडे बसते. धुऊन आलेल्या फोटोंत नेमकी तीच बाजू काळी ठिक्कर. भाग्यलक्ष्मी स्वतःच्याच लग्नातून पुसली गेली होती.

शिव्या खायच्या तयारीनं तो अल्बम घेऊन गेला. काशाप्पानं पानं उलटली.

"पोरगं झकास आलंय. कपाट बी आलंय."

"नवरी न्हाई आली, अप्पा. चूक माझी हाय."

"कामून जिवाला लावून घ्यायलास? सून काय, रोज घरात दिसायलीय की."

पाणी घेऊन आलेल्या भाग्यलक्ष्मीनं अल्बमात वाकून बघितलं. काळ्या भागावर बोट ठेवून हळूच म्हणाली, "ह्यात मी कुठं हाय, अण्णा?"

सिद्धरामचा स्वतःवरचा संताप आता म्हाताऱ्याकडे वळला. असल्या माणसाच्या घरचं पाणीसुद्धा त्याला नकोसं झालं.

"हिचा एक फोटो फुकट काढतो," तो म्हणाला.

फुकट म्हटल्यावर काशाप्पानं दारात उभ्या पोराला पुढं ढकललं. "एकटीचा कशाला? ह्यालाबी घे."

"घेतो की. पर आता लग्न झालंय. बायकोनं डावीकडं उभं ऱ्हायचं."

अंधाऱ्या माजघरात त्यानं दोघांना उभं केलं, फ्लॅश लावला आणि चकती मुद्दाम एकशे पंचवीसवर नेली.

पुढच्या बाजाराला त्यानं फोटो आणून दिला. भाग्यलक्ष्मी हिरव्या चुड्यासकट लख्ख, आणि शेजारी नुसता काळोख.

"आरं, माझं पोरगं कुठाय?" काशाप्पा ओरडला.

"रोज घरात दिसायलंय की, अप्पा."

भाग्यलक्ष्मीनं सासऱ्याच्या हातातून फोटो ओढून घेतला.