गंगावेशीचं दूध आणि सकाळची गोळी

माझ्या मामेसासऱ्यांइतका मेंदूचा आदर करणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात दुसरा नसेल, आणि माझ्या मेंदूचा इतका अनादर करणाराही दुसरा नसेल. बायकोचे हे मामा गेली चाळीसेक वर्षं जळालेल्या मोटारी भरून देतात. मोटार भरणं म्हणजे तिच्या पोटातली जळकी तांब्याची तार कापून काढायची आणि नवी तार वेढे मोजून जिथल्या तिथे बसवायची. विहिरीवरची मोटार असो, पिठाच्या गिरणीची असो, नाहीतर कागलच्या एमआयडीसीतलं एखादं माणसाएवढं धूड असो, मामांच्या दुकानात आल्यावर ती पेशंट होते आणि तिला घेऊन येणारा आरोपी. "वापरणारा शाना असता तर ही जळली नसती," हे त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं. मी मराठीचा मास्तर आहे, लग्नाला बावीस वर्षं झाली, तरी त्यांच्या लेखी मी अजून 'पावणं'च. एकदा घरचा मिक्सर घेऊन गेलो, तर तो न उघडताच त्यांनी मला विचारलं, "पावणं, शाळंत पोरं तुमच्याकडनं नेमकं काय शिकत्यात?"

त्यांचं निदान चालायचं नाकाने. मोटार अजून पायरीवर असायची आणि मामा आतूनच नाक वर करून ओरडायचे, "पाणी शिरलंय हिच्यात! उचला, आत आणा!" वार्निशच्या जळक्या वासावरून मोटार किती वेळ तापत होती हे ते सांगत, आणि मालक खोटं बोलतोय की खरं हेही सांगत. मग एका वर्षी ते गिऱ्हाइकालाच म्हणू लागले, "तुमीच वास घ्या की, आनि सांगा मला." आम्हांला वाटलं, मामा आता म्हातारपणी गुरुजी झाले. स्वयंपाकघरात आमटी करपून धूर झाला तरी ते शांतपणे पेपर वाचत बसलेले मामींना सापडले, तेव्हा मामींनी तो आपल्या आमटीचा अपमान मानला आणि दोन दिवस अबोला धरला. नाक गेलंय, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

त्यानंतर काही वर्षांनी उजवा हात थरथरायला लागला. थरथरणंही साधं नव्हे. अंगठा आणि बोट एकमेकांवर असे फिरायचे की बघणाऱ्याला वाटावं, मामा न दिसणारी तार पिळतायत. गंमत म्हणजे हातात खरी तार दिली की थरथर गायब! मामांना याचा केवढा अभिमान! "हात आमच्या खानदानाचा हाय," ते सांगत, "काम न्हाय म्हटलं की त्याला चैन पडत न्हाय." पण पुढे काम करतानाही हात मंदावला. शर्टाची बटणं लावायला पाव तास लागू लागला. दुकानाच्या वहीत ज्वारीच्या दाण्याएवढं येणारं अक्षर बारीक होत होत खसखशीएवढं झालं. ते वाचायला मामांनी भिंग आणलं, पण डॉक्टरकडे जायचं काही नाव काढलं नाही. शेवटी मामींनी जेवायला वाढायचं बंद केलं आणि माझी बायको सुमन आणि मी त्यांना मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि बिचाऱ्यांना आमच्या मामांची कल्पना नव्हती. पार्किन्सन हे नाव ऐकून सुमनच्या डोळ्यांत पाणी आलं. मामांनी मात्र खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "त्ये नाव ऱ्हाऊ द्या. कनेक्शनचा डायग्राम काडून दावा." बाईंनी हसून कागद घेतला. एक मज्जातंतू काढला, पुढे दुसरा काढला आणि दोहोंच्या मध्ये जागा सोडली. मामांनी त्या जागेवर बोट ठेवलं.

"हितं तुटलंय व्हय?"

"नाही मामा. ती फट सगळ्यांच्याच मेंदूत असते. प्रत्येक दोन तंतूंच्या मध्ये."

"मग करंट पलीकडं जातोय कसा?"

"करंट इथवर येतो आणि थांबतो. मग या टोकातून रसायनाचे बारीक थेंब सुटतात, फट ओलांडतात, पलीकडच्या टोकाला जाऊन चिकटतात, आणि तिथून पुन्हा करंट सुरू होतो. हे सगळं पापणी लवायच्या आत."

मामांचं बोट त्या फटीवरच राहिलं. बाई सांगत राहिल्या. मेंदूच्या तळाशी काळसर पेशींचा एवढासा पुंजका असतो, तिथे डोपामीन नावाचं रसायन तयार होतं, हालचाल सुरू करायला आणि ती सफाईने व्हायला ते लागतं, आणि मामांच्या त्या पेशी हळूहळू मरत चालल्या आहेत. नाकाचंही त्यातलंच, वास बहुतेकदा आधी जातो, असं त्या म्हणाल्या तेव्हा मला मामींची आमटी आठवली. रिक्षातून घरी येताना मामा बाईंचा तो कागद मांडीवर धरून, मान खाली घालून बसले होते. हा माणूस खचला असं धरून मी त्यांचा हात हातात घेतला, तर तो सोडवून घेत ते म्हणाले, "जनमभर मी एक जॉइंट ढिला सोडला न्हाय, पावणं. आनि हितं समदे जॉइंट उघडे! तरी मानूस चालतोय, बोलतोय, भांडतोय. कुनी केलं आसंल वो हे वायंडिंग?" त्यांनी दोन्ही हात जोडले होते आणि डोळे भरले होते. मी आयुष्यात इतक्या देवळांत गेलो, पण कुणाला इतकं मनापासून हात जोडताना पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून मेंदू हा मामांचा धर्म झाला. मोटार दुरुस्तीला आलेल्या मुरगूडच्या शेतकऱ्याला ते चहा पाजून मज्जासंस्था शिकवू लागले. "गोळीत डोपामीन नसतंय," असं म्हणून, बाईंनी दिलेली गोळी दाखवत, ते त्याला कोड्यात टाकत. "पक्का माल मेंदूच्या गेटवर अडवत्यात. लई कडक शिक्युरिटी हाय, एमआयडीसीत पन न्हाय एवढी! म्हनून गोळीतनं कच्चा माल धाडायचा. त्याला गेट आत सोडतंय, आनि पक्का माल आत कारखान्यात तयार हुतोय. आनि वाटंतच कुनी त्याचा पक्का माल करू नये म्हनून त्याच गोळीत सोबतीला राखनदार दिलाय. आता बोला!" शेतकरी काय बोलणार? तो मान डोलवी आणि मोटार उद्या मिळेल का, असं विचारी.

तीन वर्षं गोळीने काम चोख केलं. मग सकाळची गोळी बिघडली. मामांच्या भाषेत, ती 'पिकअप घीना'. सहा वाजता घेतलेली गोळी नऊ वाजले तरी लागू पडायची नाही. मामा लाकडासारखे ताठ होऊन दुकानात बसून राहायचे आणि अर्धा दिवस वाया जायचा. मामांची पुण्यात राहणारी लेक आली, तिने बापाला दाराच्या उंबऱ्याशी पाय उचलेना म्हणून खिळून उभं राहिलेलं पाहिलं, आणि निकाल देऊन टाकला. "आप्पा, खंडेनवमीला हत्यारांची पूजा करा आणि दुसऱ्या दिवशी शटर बंद. तुम्ही आणि आई पुण्याला चला." ती गेल्यावर मामा मला म्हणाले, "पुन्यात मी काय करू, पावणं? ग्यालरीत बसून थरथरू?" त्या वेळी त्यांच्या आवाजात शिवी नव्हती, टोमणा नव्हता, आणि म्हणून मला भीती वाटली.

डॉक्टरीणबाई गोळी वाढवायचं म्हणत होत्या. मामांनी पंधरा दिवस मागून घेतले. "डाटा घेतल्याबिगर कॉइल कापत न्हाईत," ते म्हणाले. वहीत रोज गोळीची वेळ, पिकअपची वेळ आणि उतरल्याची वेळ खसखशीच्या अक्षरांत पडू लागली. पंधरा दिवसांत फक्त चार सकाळी गोळी अर्ध्या तासात लागू पडली होती, आणि त्या चारही सकाळी लागोपाठच्या. त्या चार दिवसांत वेगळं काय होतं? मामांनी डोकं खाजवलं, मामींना विचारलं, आणि एकदाचं सापडलं. ते चार दिवस गंगावेशीचा गवळी मेहुण्याच्या लग्नासाठी गगनबावड्याला गेला होता.

इथे हे सांगायला हवं की लहानपणापासून मामांची सकाळ गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर उजाडते. म्हशी रस्त्याकडेला उभ्या, समोर धार काढली जाते आणि फेसाळलेला ग्लास तसाच हातात. मामा तिथेच गोळी तोंडात टाकत आणि वरून ते धारोष्ण दूध पीत. गवळी त्यांचा तालमीतला जोडीदार. तो नसेल तर दुसऱ्याच्या म्हशीचं दूध प्यायचं हे मामांच्या दृष्टीने व्यभिचारात जमा.

आता कुणीही म्हणेल की मग दोष दुधाचा. पण ज्या कोल्हापुरात मूल जन्मल्यापासून पहिलवान होईपर्यंत दुधावर वाढतं, तिथे दुधावर संशय घेणार कोण? मामांनी संशय घेतला तो गवळ्याच्या तोंडावर! "सकाळी सकाळी त्याचं थोबाड बघतो, म्हनून गोळी दचकत आसंल," असं त्यांनी मला अत्यंत गंभीरपणे सांगितलं. तरीपण माणूस अखेर कारागीर. एका वेळी एकच तार काढून तपासायची, हा त्यांचा नियम. पहिल्या दिवशी मामींना पाठवून दूध घरी मागवलं आणि गवळ्याचं तोंड न बघता प्यायलं. गोळी लागू पडली नाही. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर जाऊन नुसत्या पाण्याबरोबर गोळी घेतली आणि अर्धा तास गवळ्यासमोर स्टूल टाकून त्याच्या तोंडाकडे एकटक बघत बसले. "आरं, का बघतोयस असा? डोळं फुटलं का?" गवळी वैतागला. म्हशीनेही दूध चोरलं म्हणतात. आणि पंचविसाव्या मिनिटाला मामा स्टुलावरून ताडकन उठले, हात झटकले आणि ओरडले, "तुझा दोष न्हाय रं! दुधाचा हाय!" साठ वर्षांच्या दोस्तीत गवळ्याचा एवढा अपमान कधी झाला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. "मामा, मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, जेवणाआधी घ्या!"

"मग? जेवनाआधीच घेत हुतो की! दूध जेवनात धरत्यात व्हय?"

बाईंनी पुन्हा कागद घेतला. दूध, मटण, डाळ यांतली प्रथिनं पचली की त्यांचे तुकडे रक्तात आणि पुढे मेंदूत शिरायला तेच दार वापरतात जे गोळी वापरते. आधी एवढं जाणवलं नाही, आता पेशी कमी उरल्या म्हणून जाणवतंय. मामांना पुढचं सांगावं लागलं नाही. "म्हंजे गेट एकच, आनि दुधाच्या ट्रकांची लाईन. माझा कच्चा माल बिचारा मागं हॉर्न वाजवतोय!" मग कौतुकाने मान हलवत म्हणाले, "काय डिझाइन हाय! बिघाडसुदिक नियमानं हुतोय." बाईंनी सांगितलं, प्रथिनं सोडायची नाहीत, पण मुख्यतः संध्याकाळी घ्यायची. रविवारचा दुपारचा पांढरा रस्सा त्या दिवसापासून रात्रीवर गेला.

खंडेनवमीला पुण्याची लेक आली तेव्हा मामा दुकानात एमआयडीसीतल्या मोटारीत तार भरत होते आणि तोंडाने वेढे मोजत होते. ती बराच वेळ पायरीवर उभी राहिली. पकडी, छिन्नी, हातोडी पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहिलं होतं, आणि त्या ओळीत शेवटी गोळ्यांचं पाकीटही होतं. झेंडूचं फूल वाहिलेलं ते पाकीट तिने पाहिलं आणि पदराने डोळे पुसत आईला म्हणाली, "राहू दे, शटर उघडंच राहू दे."

याला आता दोन वर्षं झाली. दुकान चालू आहे, पण गोळीचा अंमल आखूड होत चाललाय, हे मामा वहीत बघतात आणि मीही चोरून बघतो. परवा मी न राहवून विचारलं, "मामा, पुढं काय?" ते म्हणाले, "मोटार जळली तर मी भरून देतो, पावणं. त्या काळ्या पेशी भरनारा वायंडर अजून जन्मायचा हाय. पर यील. यवडं बारीक काम जर कुनी केलंय, तर त्येचा डायग्राम वाचनारा बी कुनीतरी यील की." मला तेव्हा वाटलं, एवढी श्रद्धा देवाने मला द्यावी, निदान अर्धी तरी.

संध्याकाळी काम संपलं की मामा स्वतःहून कट्ट्यावर जातात. आता गोळी अडली तरी त्यांची हरकत नसते, आजचे वेढे भरून झालेले असतात. परवा मीही बरोबर होतो. गवळ्याने धार काढली आणि मामांच्या हातात ग्लास दिला तो अर्धाच. हात थरथरला, पण दूध सांडलं नाही. ते संपल्यावर गवळ्याने दुसरा अर्धा ग्लास भरला आणि म्हशीकडे तोंड करून उभा राहिला. मामा माझ्याकडे झुकून कानात म्हणाले, "सांडू ने म्हनून अर्धा अर्धा देतोय. मला कळत न्हाय असं वाटतंय त्याला. सांगू नगा."