गेनूमास्तरचे मागचे कर्णे

पिक्चर चालू असताना गेनूमास्तर पडद्याकडे फारसा बघत नसे. केबिनच्या भिंतीतल्या चौकोनी भोकाला डोळा लावून तो खाली बसलेल्यांच्या माना बघायचा. घोड्यांच्या टापा नुसत्या कानावर आल्या, की त्याचा डावा हात चावीवर जायचा. टापा पडद्यामागून निघून एकदम मागच्या भिंतीतून वाजायला लागायच्या, आणि बाकड्यांपासून खुर्च्यांपर्यंत सगळं पब्लिक दचकून मागं बघायचं. मग तो समाधानानं माझ्या हातातला चहा घ्यायचा आणि म्हणायचा, "बघितलं का कँटीनवाले? मान वळली पाह्यजे. मान न्हाई वळली तर त्यो आवाज कसला, निस्ता गोंगाट."

जामखेडच्या आमच्या पत्र्याच्या टॉकीजमध्ये मी कँटीन चालवत असे आणि गेनूमास्तर तिथला ऑपरेटर होता. शेठ एकदा मुंबईला जाऊन आले आणि तिथल्या थेटरात चारी बाजूंनी आवाज येतो म्हणून सगळ्यांना सांगत सुटले. तिकडच्या फिल्मवर आवाजाच्या वेगवेगळ्या पट्ट्या असत. आमच्याकडे येणाऱ्या फिल्मवर एकच. गेनूमास्तरनं लग्नाच्या मांडवातले चार जुने कर्णे मिळवले, दोन मागच्या भिंतीला आणि दोन बाजूंना टांगले, एक जादा ॲम्प्लिफायर बसवला आणि प्रत्येक कर्ण्याची चावी केबिनमध्ये आणली. पाचवा कर्णा त्यानं स्वतःच्या कानाशी लावला, खाली काय वाजतंय ते कळावं म्हणून. कुठला आवाज कुठून सोडायचा ते तो फक्त कानावर ठरवायचा, आणि खरं सांगायचं तर त्यात त्याचा हात धरणारा जिल्ह्यात दुसरा नव्हता.

माणूस म्हणून मात्र तो विंचवाच्या जातीचा होता. त्याचा सगळ्यात जास्त छळ सोसला तो किसननं. किसन आमचा डोअरकीपर, उजव्या दाराशी टॉर्च घेऊन स्टुलावर बसायचा. आमच्याकडे यायच्या आधी तो विहिरी खोदायच्या कामावर होता. एक सुरुंग वेळेआधी उडाला, त्यात त्याचा थोरला भाऊ त्याच्या डोळ्यांदेखत गेला. तेव्हापासून अचानक मोठा धडाका झाला की किसन जिथं असेल तिथं खाली बसायचा आणि दोन्ही हातांनी डोकं झाकून घ्यायचा. गेनूमास्तरला हे कळलं आणि दुसऱ्याच दिवशी उजवीकडचा कर्णा सरकून बरोबर किसनच्या दारावर आला.

मग पडद्यावर बंदूक उडाली की किसन जमिनीवर. पब्लिकच्या माना वळायच्या आणि हसण्याचा कल्लोळ व्हायचा. काही टोळकी तर तेवढ्यासाठी तोच पिक्चर पुन्हा बघायला यायची. मी एकदा म्हणालो, "मास्तर, त्याचा भाऊ मेलाय हो त्यात." तो म्हणाला, "मंग? लोकं रडायला येत्यात व्हय हितं?" किसन ब्र काढत नसे. गावात दुसरं काम नव्हतं आणि घरी भावाचीही पोरं होती.

एका दुपारच्या खेळाला अर्ध्यातच आवाज गेला. पडद्यावरची माणसं नुसतीच तोंडं हलवत होती. खाली शिट्ट्या, पाय आपटणं, शेठच्या नावानं शिव्या. शेठनी किसनला वर पिटाळलं, मीही मागोमाग गेलो. गेनूमास्तर दुसऱ्या मशीनच्या दिव्यात कार्बनच्या कांड्या बसवत होता, अगदी निवांत. किसन त्याच्या पाठीशी उभा राहून ओरडला, "मास्तर, आवाज गेला!" गेनूमास्तर कांडी बसवत राहिला. किसन आणखी मोठ्यानं ओरडला. मग त्यानं खांद्याला हात लावला तेव्हा मास्तर असा दचकला, की किसनसुद्धा इतका कधी दचकला नसेल. कानाशी टांगलेल्या त्या पाचव्या कर्ण्यानं त्याचे कान खाल्ले होते, आणि किती दिवस तो नुसत्या अंदाजानं चाव्या फिरवत होता देव जाणे.

आवाज दुरुस्त झाल्यावर तो किसनच्या पुढ्यात बसला. ओठ बघून बोलणं समजायला तो शिकला होता. "किसन्या, शेठला सांगू नगं. बहिऱ्या आप्रेटरला कोन ठिवल?" त्यानंच तोडगा काढला. किसननं दाराशी बसल्या बसल्या केबिनच्या भोकाकडे टॉर्च दाखवायची. टॉर्च पेटली की कर्णे उघडायचे, हलवली की आवाज वाढवायचा, विझली की बंद. म्हणजे गेनूमास्तरचे कान आता किसनच्या हातात आले. मला वाटलं, किसन थुंकून निघून जाईल. तो "बरं" म्हणाला.

कित्येक महिने किसननं ते इमानानं केलं. टापा, गडगडाट, आगगाडी, सगळं वेळेवर. गेनूमास्तरनं बदल्यात निदान दारावरचा कर्णा काढायला हवा होता. त्यानं काढला नाही. बंदूक उडते ते पडद्यावर दिसतं, त्याला टॉर्च लागत नाही! त्यामुळे बंदुकीची चावी तो अजूनही आपल्याच मनानं फिरवायचा, आणि ऐकू येत नसल्यानं आता शेवटपर्यंत फिरवायचा. मी फार संतापलो. त्याच्या तोंडासमोर उभा राहून विचारलं, "लाज वाटत नाही?" तो भोकाकडे वळून खाली बघायला लागला. मग म्हणाला, "कँटीनवाले, माना वळत्यात त्या दिसत्यात मला. आता तेवढंच ऐकू येतंय." मला त्याची कीव आली आणि त्याला जिन्यावरून ढकलून द्यावंसंही वाटलं.

अशात शेठनी खरं यंत्र घ्यायचं मनावर घेतलं. पुण्याहून यंत्रवाला माणूस येणार होता. इथलं पब्लिक अशा आवाजाला किती भुलतं ते तो बघणार, आणि जमलं तर गेनूमास्तरला शिकायला पुण्याला पाठवायचं. गेनूमास्तर हरखून गेला. "त्यात फिल्मवरची पट्टीच आपल्या आपन मागं वाजती. कानाची गरजच न्हाई! मरस्तवर केबिन माझी," तो मला म्हणाला. किसन बाजूला उभा होता. त्याला म्हणाला, "मंग तुझ्या बत्तीचं काम न्हाई. पर तुझा कर्णा मातर ऱ्हाईल हां." आणि हसला. किसन हसला नाही.

पाहुणा आला त्या दिवशी नवा पिक्चर लागला होता, पहिलाच खेळ, म्हणजे गेनूमास्तरनंही तो पाहिलेला नव्हता. मध्यंतरापर्यंत किसनची टॉर्च चोख चालली. पाहुणा मान डोलवत होता. मग आई मरायचा प्रसंग आला. पडद्यावर खाट, खाटेवर म्हातारी, उशाशी मुलगा. बायकांच्या बाजूला हुंदके सुरू झाले. म्हातारी कुजबुजत मुलाला जवळ बोलावत होती, आणि उजव्या दाराशी टॉर्च पेटली.

पिक्चरमध्ये बाहेर वादळ सुटलं असेल, असं गेनूमास्तरला वाटलं असणार. म्हातारीची कुजबुज चारी कर्ण्यांतून गर्जत आली. सगळ्या माना वळल्या. किसननं टॉर्च हलवली. मास्तरनं आवाज वाढवला. "ये रे बाळा" असं कुणी राक्षसानं भिंतीतून ओरडावं तसं झालं. मघाशी रडणाऱ्या बायका पदरात तोंड घालून हसायला लागल्या, लोक बाकड्यांवर लोळले. मी तेव्हा चहा घेऊन वरच होतो. भोकातून त्याला शेकडो वळलेले चेहरे दिसत होते. इतक्या माना त्यानं उभ्या आयुष्यात कधी वळवल्या नव्हत्या. तो माझ्याकडे वळला, डोळे भरून आले होते त्याचे. "बघितलं का कँटीनवाले?" म्हणाला, आणि चावी पार टोकाला नेली.

त्याच्या मागं दारात शेठ येऊन उभे राहिले होते. ते आधी नावानं ओरडले, मग आईवरून ओरडले. तो भोकाला डोळा लावून हसतच राहिला. शेठना काय ते कळलं. खाली मी किसनला गाठलं तेव्हा तो टॉर्चची काच सदऱ्याला पुसत होता. "वळल्या न्हवं माना?" एवढंच म्हणाला.

दोन दिवसांनी गेनूमास्तर बहिणीकडे पुणतांब्याला जायला निघाला. त्याची ट्रंक एसटी स्टँडवर आणली किसननं, कुणी न सांगता. का, ते मी विचारलं नाही. गेनूमास्तर गाडीत खिडकीशी बसला. किसननं ट्रंक टपावर चढवली, शिडीवरून उतरून तो खिडकीखाली उभा राहिला, काही म्हणायचं असल्यासारखा. तेवढ्यात मागं एका ट्रकचं टायर फुटलं.

किसन धुळीत बसला, दोन्ही हात डोक्यावर. सगळ्या स्टँडच्या माना वळल्या. हमाल हसले, कंडक्टर हसला, गाडीतली माणसं खिडक्यांतून वाकून वाकून हसली. ज्यानं ते सगळ्यात जास्त आवडीनं बघितलं असतं, तो त्याच्या डोक्यावरच्या खिडकीत बसून समोर बघत होता. गाडी हलली तरी त्याची मान वळली नाही.